मास्टर मार्तंड आणि संकष्टीचे पोहे

मास्टर मार्तंड हा मराठी बालसाहित्यात होऊन गेलेला सर्वांत मठ्ठ मुलगा होता, असं माझं प्रामाणिक मत आहे. ते द्यायचा अधिकारही मला आहे, कारण त्याला जन्म देणारा माणूस आमच्या घरात राहायचा, आमच्या पंगतीत जेवायचा आणि मी त्याला काका म्हणायचे. हल्ली माझ्या वयाची माणसं कुठे लग्नाकार्यात भेटली आणि त्यांना हे नातं कळलं की गहिवरतात. ‘अय्या, तू त्यांची पुतणी? आम्ही महिनाभर वाट बघायचो गं त्या अंकाची.’ मी हसते आणि जेवणाचा विषय काढते. परवा एका गृहस्थांनी फोन करून विचारलं, मार्तंडच्या सगळ्या कथांचं एकत्र पुस्तक काढतोय, तुम्ही घरातली एखादी हृद्य आठवण लिहून द्याल का, अगदी छोटीशी. आठवण आहे, पण छोटी नाही, आणि हृद्य आहे की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावं. त्यांच्या पुस्तकात ती मावायची नाही म्हणून इथे लिहिते.

ज्यांनी त्या कथा वाचल्या नाहीत ते भाग्यवान, पण त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मार्तंड शाळकरी पोर. त्याच्याकडे टॉर्च, भिंग आणि शाळा बुडवायची कायमची परवानगी. कुठे चोरी झाली की इन्स्पेक्टर जीप घेऊन त्याच्या दारात हजर, कारण पोलिसांना स्वतःचं असं काही सुचत नसे. चोरी नेहमी बंगल्यात व्हायची आणि बंगल्याचे मालक नेहमी कुणीतरी दादासाहेब असायचे. मार्तंड सगळ्यांना दिवाणखान्यात जमवायचा, एकेकाला दोन-दोन प्रश्न विचारायचा आणि डोळे मिटून हसायचा. इथे कथा थांबायची आणि खाली चौकट यायची: ‘बालमित्रांनो, मार्तंडने चोर कसा ओळखला? डोकं चालवा, नाहीतर पान उलटं करा.’ उत्तर त्याच पानाच्या तळाशी उलट्या अक्षरांत छापलेलं असायचं. पोरं आधी पान उलटं करायची, तेच उत्तर पोस्टकार्डावर लिहून मासिकाला पाठवायची आणि मग डोकं चालवल्याचं सांगत फिरायची, हे एकट्या काकाला माहीत नव्हतं.

चोर कोण, तर माळी. माळी नसला तर स्वयंपाकी, ड्रायव्हर, नाहीतर गावाहून नुकताच आलेला गडी. तो बिचारा बोलता बोलता काहीतरी चुकायचा. भर दुपारी रातराणीचा वास आला म्हणायचा, अमावास्येला चांदणं पडलं होतं म्हणायचा, की मार्तंडने त्याची मानगूट धरलीच. दादासाहेब मात्र कधी चुकायचे नाहीत. काकाचा एक सिद्धान्त होता आणि तो आम्हाला जेवताना ऐकवायचा: जो चुकतो तो खोटं बोलत असतो, आणि जो खोटं बोलतो तो चोर असतो. माणूस नुसताच चुकतो, विसरतो, घाबरतो, वेंधळेपणा करतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. आमचे बाबा गिरणी बंद पडल्यापासून एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. काकाच्या एका कथेत वॉचमन चोर निघाला होता आणि बाबांनी तो अंक कंपनीत नेऊन सगळ्यांना कौतुकाने दाखवला होता. धाकट्या भावाचं नाव छापून आलंय, एवढंच त्यांना दिसलं. चोराच्या अंगावरचा खाकी गणवेश दिसला नाही.

आम्ही गोरेगावला पूर्वेकडे दोन खोल्यांत राहायचो. मागे टेकडीच्या बाजूला सिनेमाचे स्टुडिओ होते आणि तिकडून अधूनमधून बंदुकीचे बार ऐकू यायचे. आम्हा पोरांना ते खोटे बार इतके सवयीचे झाले होते की आमचा खेळ थांबायचा नाही. काका मात्र दर वेळी पेन थांबवून कान टवकारायचा आणि म्हणायचा, “बत्तीस बोअर.” त्याने आयुष्यात बंदूक पाहिली होती ती फक्त बँकेच्या दारात. तो एका सरकारी कचेरीत कारकून होता. बाबांनी गिरणीत पाळ्या करून त्याला बी. ए. केलं होतं, आणि हे उपकार बाबांनी केले असले तरी घरात काकाचा वावर असा होता की जणू शिकून त्यानेच आमच्यावर उपकार केलेत. घरात टेबल एकच, ते त्याचं. खिडकी एकच, तीही त्याचीच. मी अभ्यास जिन्यात बसून करायचे. तो लिहायला बसला की आई कुकर लावायची नाही, कारण शिट्टीने मार्तंडची विचारांची साखळी तुटायची. डाळ पातेल्यात तासभर रटरटत राहायची. नारळ खवायचा तर आई आडाळी उचलून बाहेर गॅलरीत जायची. तिकडे खरखर चालायची, खोबऱ्याचा गोड वास आत यायचा आणि काका नाक वर करून विचारायचा, “वहिनी, आज सोलकढी का?” सुरमई आणली की मधली तुकडी त्याच्या पानात, कारण माशाने डोकं तल्लख होतं. आमच्या वाट्याला शेपटीकडचे तुकडे. इतकी सुरमई खाऊनही डोक्यात काही फरक पडला नाही, हे मी तेव्हा मोठ्याने म्हटलं असतं तर थोबाड फुटलं असतं.

प्रत्येक कोडं मासिकाकडे पाठवायच्या आधी माझ्यावर तपासून बघितलं जायचं. काका मला टेबलासमोर उभी करून सगळी कथा हातवारे करत वाचून दाखवायचा आणि मग विचारायचा, “सांग बेबी, चोर कसा ओळखला?” मी बरोबर सांगितलं तर तो दोन दिवस फुरंगटून बसायचा. चूक सांगितलं तर खूश व्हायचा आणि म्हणायचा, “तुला नाही जमायचं ते. निरीक्षण लागतं.” म्हणून मी चुकीची उत्तरं द्यायला शिकले. घरात शांतता राहायची आणि मला खेळायला सोडायचा.

माझी ताई, शोभा, माझ्याहून बरीच मोठी. अंधेरीला एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती, त्यामुळे तिचा आवाज मऊ होता आणि बोलणं मोजकं. तिला बघायला मुलं यायची, पोहे खाऊन जायची आणि मग कळवतो म्हणून कळवायची नाहीत. कुणाला रंग खटकायचा, कुणाला बापाची वॉचमनकी. प्रत्येक कार्यक्रमानंतर ताई बशा घासायची आणि आई तिच्याकडे न बघता फडक्याने पुसायची. अशात आईच्या चुलत बहिणीने, आमच्या मावशीने, चारकोपचं स्थळ आणलं. मुलगा शशिकांत, तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर, वडील नाहीत, आई आणि तो. आई-बाबा आधी त्यांचं घर बघून आले होते. त्याच्या आईने दोघांना हाताला धरून सगळं घर दाखवलं होतं आणि सांगितलं होतं, “आमचो शशी संकष्टी कधी चुकवणा नाय. बारक्यापणापासना.” आईने ते आल्यावर आम्हाला कौतुकाने सांगितलं. काकाही तिथेच बसून चहा पीत होता.

ठरलेल्या रविवारी शशिकांत त्याच्या मामांना घेऊन आला. त्याची आई गुडघ्याच्या दुखण्याने येऊ शकली नाही. तो इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता आणि नखांतलं ग्रीस घासूनही गेलेलं नव्हतं, म्हणून हात मांडीखाली ठेवायचा प्रयत्न करत होता. ताई पोह्यांच्या बशा घेऊन आली. वर खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. तिने बशी त्याच्यासमोर धरली तेव्हा तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, मग बशीकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे, आणि बशी घेतली. मी दाराच्या फटीतून बघत होते. त्याने सगळे पोहे खाल्ले, शेंगदाणासुद्धा ठेवला नाही. मामांनी नेहमीचे प्रश्न विचारले, स्वयंपाक येतो का, नोकरी पुढे करणार का. ते झाल्यावर शशिकांत घसा खाकरून ताईला म्हणाला, “तुम्हाला काय विचारायचंय का?”

आतापर्यंत आलेल्यांपैकी हे कुणी विचारलं नव्हतं. ताईने थोडा विचार केला आणि म्हणाली, “चारकोपला पाणी येतं का?”

“येतं,” तो म्हणाला, “पण पहाटे येतं आणि लगेच जातं. मी भरतो.”

मामांनी त्याच्याकडे डोळे वटारले. लग्न जमवताना पाण्याचं कुणी खरं सांगतं का? ताई मान खाली घालून हसली. त्या संध्याकाळी बशा घासताना ती काहीतरी गुणगुणत होती, आणि मी तिला तसं गुणगुणताना त्याआधी ऐकल्याचं मला आठवत नाही. खोटं न बोलणारा माणूस ओळखायला एवढं पुरे होतं. पण आमच्या घरात डिटेक्टिव्ह होता.

काकाने आम्हा सगळ्यांना बाहेरच्या खोलीत जमवलं. अगदी कथेतल्यासारखं. बाबा खाटेवर, आई दारात, ताई ओल्या हातांनी तिच्यामागे. काका खुर्चीवर बसला, जिथे शशिकांत बसला होता तिथेच, आणि त्याने डोळे मिटून स्मित केलं. मग हात वर करून खुर्चीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं.

“आज काय आहे?”

“रविवार,” बाबा म्हणाले.

“रविवार आहेच दादा. पण आज संकष्टी आहे. आणि बारक्यापणापासून संकष्टी न चुकवणारा मुलगा इथे बसून बशीभर पोहे खाऊन गेला.”

आमच्याकडे सोमवार पाळायचे, त्यामुळे रविवारी कॅलेंडर कुणी बघितलं नव्हतं. आईने तोंडावर हात घेतला. ती हादरली होती ते वेगळ्याच कारणाने. “अरे देवा. उपासाच्या माणसाक आमी पोहे दिलव? साबुदाणो होतो घरात.”

“वहिनी, मुद्दा साबुदाण्याचा नाही. एक खोटं पकडलं की बाकीची आपोआप सापडतात. उपास खोटा, तर नोकरी खरी कशावरून? पगार खरा कशावरून? जो देवाशी खोटं बोलतो तो बायकोशी काय खरं बोलणार?”

“अवो भावोजी, तेका भीड पडली असतली,” आई म्हणाली. “बशी आमीच धरली मा तेच्यापुढे?”

“पुरावा?” काका म्हणाला.

आईकडे पुरावा नव्हता. तिच्याकडे नुसती अक्कल होती आणि ती आमच्या घरात धरली जात नसे. बाबांनी कॅलेंडरवरची नजर काकाकडे वळवली. मग म्हणाले, “वसंता शिकलेला आहे. त्याला दिसलं ते आपल्याला दिसलं नाही.” ताईने पदराला हात पुसले आणि आत गेली. तिला कुणी विचारलं नाही, आणि आपणहून बोलायची आमच्याकडे मुलींना सवय नव्हती.

मावशीकडून निरोप पाठवला तो असा की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी बघितलीच नव्हती. खोटं बोलतो म्हणून ज्या मुलाला नाकारलं त्याला नाकारायला आम्ही चक्क खोटं सांगितलं, आणि डिटेक्टिव्हसाहेबांच्या निरीक्षणातून तेवढं सुटलं. निरोपाचं वाक्यसुद्धा त्यानेच सुचवलं होतं.

त्याच आठवड्यात काका पुन्हा टेबलाशी बसला. कुकर बंद झाला, आडाळी गॅलरीत गेली. दोन संध्याकाळी गेल्या आणि त्याने मला हाक मारली. मी समोर उभी राहिले. कथेचं नाव होतं ‘उपाशी पाहुणा’. दादासाहेबांच्या बंगल्यात त्यांच्या मुलीला बघायला एक तरुण येतो. तो खरं तर दागिन्यांवर डोळा ठेवून आलेला तोतया असतो. आपण कडक संकष्टी करतो असं तो सांगतो, आणि थोड्या वेळाने मुलीने आणलेले पोहे मिटक्या मारत खातो. मार्तंड कॅलेंडर बघतो, डोळे मिटून हसतो. काका वाचत होता आणि ताई दोन हातांच्या अंतरावर, आतल्या खोलीच्या दाराशी, भाकरी थापत होती. तिचं थापणं मधेच थांबलं.

“सांग बेबी. मार्तंडने काय ओळखलं?”

एरवी मी शांततेसाठी काहीतरी भलतंच सांगितलं असतं. त्या दिवशी मला राग आला होता. मी म्हटलं, “त्याला मुलगी आवडली. तिने बशी धरली म्हणून त्याला नाही म्हणवेना.”

काका खदखदून हसला. इतका खूश मी त्याला क्वचितच बघितला होता. “हे उत्तर होऊच शकत नाही,” तो म्हणाला, “पण कोडं झकास जमलंय. पोरं फसणार.” त्याने कागदांना टाचणी मारली. आत ताईने भाकरी तव्यावर टाकली, ती चांगलीच करपली आणि त्या रात्री काकानेच ती नको म्हणून बाजूला सारली.

माझं आजचं वय धरून सांगते, मला कोड्यांचा राग नाही. माझी नात शब्दकोडी सोडवते, मी तिच्या शेजारी बसते. राग आहे तो उत्तर आधी ठरवून माणसं मागाहून त्यात कोंबणाऱ्यांचा. असे लोक पुढे मला ऑफिसात भेटले, नातेवाइकांत भेटले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर दर महिन्याला भेटतात. प्रत्येकाला वाटतं आपल्याला निरीक्षण आहे. बहुतेकांना फक्त एक कॅलेंडर दिसलेलं असतं.

अंकाची आमची प्रत नेहमी उशिरा, पोरांच्या उत्तरांच्या गठ्ठ्याबरोबरच यायची. ती आली तेव्हा ताई नुकती ऑफिसातून आली होती. काकाने तो सगळ्यांना दिसेल असा टेबलावर उघडून ठेवला होता. चित्रकाराने तोतयाला बारीक मिशी आणि तिरके डोळे दिले होते, आणि मुलगी मान खाली घालून बशी धरून उभी होती. ताईने उभ्याउभ्या कथा वाचली. मग अंक फिरवून खालचं उलटं उत्तरही वाचलं. अंक मिटला, पर्स पुन्हा खांद्याला लावली आणि मला म्हणाली, “चप्पल घाल. माझ्याबरोबर चल.”

आई म्हणाली, “खंय गो?”

“येते,” ताई म्हणाली. आईने अडवलं नाही.

बस बदलून आम्ही चारकोपला पोचलो. चारकोप तेव्हा नुकतं वसत होतं. सेक्टरचे नंबर पाट्यांवर होते, घरं निम्मी प्लास्टर न केलेली आणि रस्त्याच्या जागी खडी. विचारत विचारत घर सापडलं. शशिकांत कामावरून येऊन ओट्यावर राखेने हात घासत होता. आम्हाला बघून तो तसाच उभा राहिला, कोपरापर्यंत राख. आतून त्याची आई भिंतीला धरत बाहेर आली. ताईने नमस्कार केला आणि मला वाटलं ती काहीतरी आडवळणाने बोलेल. पण टेलिफोनवर बोलल्यासारखं, मऊ आणि सरळ, तिने विचारलं, “त्या दिवशी संकष्टी होती. तुम्ही पोहे का खाल्लेत?”

त्याने आधी आईकडे बघितलं. “तुम्ही समोर धरलेत ना,” तो म्हणाला. “मी नको म्हटलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मुलीला नको म्हणतोय.”

“शिरा पडो,” त्याची आई म्हणाली. “तू संकष्टीक पोहे खाल्लंस?”

“खाल्ले. पुढची संकष्टी निर्जळी केली त्याच्यासाठी. तुला सांगितलं नाय.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मी त्या वयातही ओळखलं की तिला आता आणखी काहीतरी बोलायचंय, पत्रिकेचं खोटं होतं असं काहीतरी, आणि तिने तोंड उघडलंही. पण त्याची आई आत गेली होती ती डबा घेऊन बाहेर आली. “घे गो बाय, पेढो घे. शशीचा ठरला. वेंगुर्ल्याची मुलगी आसा. तुमची पत्रिका जुळाक नाय, नायतर माका तूच आवडलेलं.”

डबा ताईच्या पुढे होता. शशिकांत हातावरची राख बघत होता. ताईने पेढा घेतला, सगळा खाल्ला, “अभिनंदन” म्हणाली, मलाही घ्यायला लावला. वेलदोड्याचा होता. आम्ही वळलो. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि गोरेगाव येईपर्यंत रडली, आवाज न करता. मी तिचा हात धरून बसले होते आणि मला काकाला ठार मारावंसं वाटत होतं, हे मी लपवणार नाही.

ताईचं पुढे दोन वर्षांनी लग्न झालं, माणूस वाईट नव्हता, संसार झाला. तो तिचा तिने सांगायचा विषय आहे. मला त्या संध्याकाळचं सांगायचंय. आम्ही घरात शिरलो तेव्हा बाबा खाटेवर होते आणि काका टेबलाशी, समोर पोस्टकार्डांचा गठ्ठा, हातात लाल पेन्सिल. ताई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, जिथे मी उभी राहायचे तिथे.

“काका, तुमचं उत्तर चुकलं,” ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. बशी, भीड, निर्जळी, पेढा. एवढं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. बाबांनी मधेच मान खाली घातली ती वर केली नाही. काकाने पेन्सिल हवेत धरून सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल.

“असेल,” तो म्हणाला. “पण आता छापून आलंय, शोभा.” आणि त्याने गठ्ठ्यातलं वरचं पोस्टकार्ड उचलून त्यावर लाल खूण केली. “आणि हे बघ, पोरांची उत्तरं आलीत. सगळ्यांची बरोबर आहेत.”